मंगळवारच्या आधी

शाल्मली, किल्ली जुनी आहे, पितळी,
अर्धी फिरली की अडते.
जोर लावू नकोस. थोडी मागे घे, मग फिरव.
आत एकोणीस फाइली.
नावं नाहीत, आकडे आहेत.
नावांची वही कुठे, ते समोरासमोर सांगेन,
कागदावर नाही.

तू उघडायला पंधरा जणांनी होकार दिलाय.
दोघांनी नाही म्हटलं; त्या फाइलींना दोरा बांधलाय.
तो सोडू नकोस, मी परत आले नाही तरी.

मंगळवारी मला आत नेतील.
डॉक्टर म्हणतात, साधी गोष्ट आहे.
मीही समोरच्याला असं दोनदा म्हटलंय.
दोन्ही वेळा साधी नव्हती.

चार नंबरचे वडील येतील.
मागच्या खेपेला सासवडची अंजिरं घेऊन आले,
टोपली टेबलावर ठेवून म्हणाले,
"मॅडम, बाकी काही नको. एवढंच सांगा,
पोरगा खोटं बोलतो का?"
फी त्यांचीच येते, पाकिटात, एक तारखेला.
पोरगा एकवीस वर्षांचा.
मी पाणी विचारलं. ते बसून राहिले.
खाली झेरॉक्सचं मशीन चाललं होतं,
कुणाच्या तरी प्रबंधाच्या चार प्रती.
टोपली परत नेताना जिन्यात थांबले,
आणि मला वाटलं, एक तरी घ्यायला हवं होतं.
अजून वाटतं.

अकरा नंबरची फाइल रिकामी आहे.
या शहरात दोन माणसं भेटली
की तिसऱ्या मिनिटाला ओळख निघते.
त्याची बायको आणि माझी बहीण एकाच भिशीत,
म्हणून त्याला तुझ्याकडे पाठवलं.
"एवढ्यासाठी?" तो चिडून म्हणाला.
हो, एवढ्यासाठीच.

मंडईत, बँकेत, कार्यालयातल्या पंगतीत
कुणी दिसलं तर मी आधी हसत नाही.
बहीण म्हणते, शिष्ट झालीस.
होऊ दे.

सात नंबरला विचारता आलं नाही.
तीही फाइल उघडू नकोस, सांगायचं तेवढं मीच सांगते.
तिने गोळ्या मोजून आकडा सांगितला होता,
वारही सांगितला होता.
जिवावर बेतलं तर मी गप्प बसणार नाही,
हे मी पहिल्याच भेटीत सांगितलेलं,
तिने वाचून सही केलेली.
तरी तिच्या भावाला फोन लावताना
माझं बोट घसरलं, दोनदा.
ती समोरच बसली होती, बघत.
"म्हणजे तुम्ही पण," म्हणाली,
आणि वाक्य तिथेच सोडलं.
पुन्हा आली नाही.

दोन वर्षांनी नळ स्टॉपच्या सिग्नलला दिसली,
स्कूटरवर, पायाशी नवी कोरी गॅसची शेगडी.
मी आधी हसले नाही. तीही नाही.
हिरवा पडला.
नियम कुठे संपला आणि माझी भीती कुठे सुरू झाली
ते मला अजून सांगता येत नाही.

आता एक कबुली.
अंजिरं नव्हती ती.
शेगडीही नव्हती. आकडेही बदललेत,
तुझ्यासाठीसुद्धा.
ही चिठ्ठी तुझ्या पिशवीतून बसमध्ये पडली
तर कुणाच्या वडिलांनी ती वाचून
मान खाली घालू नये.

उरलं ते माझं.
सोमवारी तिघं येतील.
"रजेवर जातेय" म्हटलं तर ते खोटं नाही.
पण त्यातल्या एकाची आई
"चार दिवसांत येते" म्हणून दवाखान्यात गेली होती.
तो नऊ वर्षांचा होता, फाटकाशी बसायचा.
त्याला काय सांगू?
माझं दुखणं त्याच्या मांडीवर का ठेवायचं?
आणि न सांगता गेले, तर फाटकाशी पुन्हा कोण बसेल?

सहा वर्षं मी तुला शिकवलं.
आज तू सांग.
फोनवर नको, ये.
येताना शिलाई मशीनचं तेल असलं तर आण,
किल्लीसाठी.