पाय बदल

पहाटे पावणेपाचला भवानी पेठेत
तालमीची कडी आतून कुणीतरी काढतं.
बहुतेक कोमलच.
पानशेतच्या अलीकडची दारवटकरांची पोर,
इथे मावशीकडे राहते, त्रेपन्न किलो.
आणि मी स्वारगेट डेपोत बसचे ब्रेक बघणारा,
वय चव्वेचाळीस, अंगानं काटकुळा,
तिच्या वजनाच्या जवळपास जाणारा तालमीत एकटाच.
माझं काम पडायचं.

हौद्यात काल उकरलेली माती, ताक-हळदीचा आंबूस वास,
पलीकडे निळी मॅट, तिला फिनेलचा.
नथोबा वस्ताद दोन्हींच्या मध्ये
पत्र्याच्या खुर्चीवर.

एकेरी पट. पन्नास वेळा.
पहिले वीस नुसता खांबासारखा उभा राहा, म्हणतात,
तिला वाट कळू दे.
डोकं माझ्या बरगडीला, हात गुडघ्यामागे,
पाय वर,
आणि मी धप्प.
उठायचं. नाडी आवळायची. परत.

पुढचे वीस निम्म्या जोरानं.
हे अवघड.
पुरतं अडवणं येतं मला, पुरतं सोडून देणंही येतं,
थोरल्या भावाशी जमिनीचं बोलताना
मी या दोन्हींतलं एक करतो
आणि दोन्ही वेळा घरी येऊन जेवत नाही.
निम्मा म्हणजे किती, वस्ताद?
"कढी वर यायला लागली की गॅस बारीक करतोस,
बंद नाही करत.
तेवढा."

शेवटचे दहा खरे.
त्यात सातदा ती मला पाडते,
तीनदा मी तिच्या पाठीवर,
आणि मॅटला गाल दाबलेला तसाच ठेवून ती म्हणते,
"दादा, परत."

असे आठ महिने.
एकूण किती झाले ते मी मोजलं नाही,
माझ्या डाव्या खुब्यानं मोजलं.

वारज्याला निवड चाचणी होती.
मी वरच्या पायरीवर, रजा टाकून.
समोर बारामतीकडची मुलगी,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी शांत.
शिट्टी. थोडी खडाखडी. कोमल झेपावली,
आणि वर माझा डावा पाय
आपोआप उचलला गेला,
शेजारच्या गृहस्थांचा चहा त्यांच्याच मांडीवर.
खाली कुणी पडलं नव्हतं.

ती मुलगी उजवा पाय पुढे टाकून उभी होती.
कोमलचा हात गेला
जिथे आठ महिने मी होतो तिथे,
आणि तिथे कुणीच नव्हतं.
एकदा नाही, चारदा.
सहा-दोन.

परत येताना तिनं भेळ घेतली,
मिरचीचे तुकडे वेचून कागदाच्या कडेला ठेवले.
माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं.
डेपोत नव्या पोरांना मीच सांगतो:
एकाच बाजूचा ब्रेक धरत असेल
तर गाडी त्या बाजूला ओढते,
ड्रायव्हर कितीही चांगला असू दे.
अशी गाडी मी रूटवर सोडत नाही.
सह्या करतो, तारीख टाकतो, मगच सोडतो.

दुसऱ्या दिवशी पावणेपाच.
कडी निघालेली होती.
वस्ताद एवढंच म्हणाले, "पाय बदल."

उजवा पुढे ठेवला.
या बाजूनं मी कधी पडलोच नव्हतो.
जमीन नेमकी कुठे येते ते खांद्याला माहीत नाही,
मान लाकूड, दात एकमेकांवर.
तीही चाचपडत आली, डोकं चुकीच्या बरगडीला,
तिचं कपाळ माझ्या हनुवटीवर,
आणि आम्ही दोघं पोतं सुटावं तसे
मॅटच्या कडेवरून मातीत.

कानात माती गेली होती.
बाहेर दूधवाल्याच्या क्रेटचा आवाज.
"हा धरायचा का?" कोमलनं विचारलं,
कपाळ चोळत, मला हात देत.

वस्ताद तंबाखू मळत होते.
चुन्याची डबी बंद केली,
चिमूट ओठात ठेवली,
आणि आमच्याकडे न बघता म्हणाले,

"दोन."