शंभरात एक

देवनारहून हनीफभाईंनी पाठवलेलं बोकडाचं आतडं
गेल्या सोमवारी बरणीत आलं, फॉर्मालिनमध्ये,
चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख.
परळला जनावरांच्या कॉलेजात
मी एकवीस वर्षं काप काढतो:
मेणात बसवलेलं मांस, पाच मायक्रॉन,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

काल चांदीचा रंग दिला.
काप कपाटात ठेवायचा, अंधारात, रात्रभर.
थेंब सांडला की बोटं काळी,
आठवडाभर जात नाहीत. बायको म्हणते,
पुन्हा कुणाचं पोट उकरलंत?

भिंगाखाली सगळं फिकट, पिवळसर, गप्प.
मग एक काळा ठिपका.
आजूबाजूच्या शंभरजणी अन्न ओढून घेण्यात गुंग,
ही एकटी
चिंचोळं तोंड पोकळीत काढून चव घेते,
आणि कणांची पोतडी खाली, बुडाशी, रक्ताच्या बाजूला.
वर चाखायचं, खाली सांगायचं.
चहाडी म्हणा, निरोप म्हणा.
पोटातलं ओठावर आणू नये, आई सांगायची.
हिचं तर कामच ते,
फक्त ओठ नाहीत.

बोकडाने शेवटचं काय खाल्लं असेल?
फणसाची पानं? पुठ्ठा?
ठिपका बोलत नाही.
त्याचं सांगून झालेलं असतं.

घरी अण्णा.
मार्गशीर्षात त्यांचं जठर काढलं, अख्खं.
भुकेची वर्दी देणाऱ्या पेशी बहुतेक तिथेच राहायच्या,
हे डॉक्टर देवस्थळी मला म्हणाल्या, त्यांना नाही.
तेव्हापासून अण्णा घड्याळ बघून जेवतात.
साडेबारा, अर्धी पोळी.
तीन, केळं.
लालबागच्या खानावळीत तीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस,
पायरी चढणाऱ्याच्या चालीवरून ओळखायचा
याला राइस प्लेट, याला नुसता कटिंग,
आणि त्या कोपऱ्यातल्याला
न मागता आणखी एक चपाती.

"भूक कशी असायची रे?"
आज विचारलं त्यांनी,
जुन्या भाडेकरूचं आडनाव विचारावं तसं.

मी बोटं पुढे केली.
म्हटलं, आज दिसली एक. तुमची नव्हे,
तिची लांबची बहीण. बोकडाची.

ते बराच वेळ बोटांकडे बघत राहिले,
मग चष्मा शोधून पुन्हा बघितलं.
"मग तिलाच विचार," म्हणाले,
"दुधी करायचा की पडवळ."

आठाला चार मिनिटं कमी होती.
ताटं मांडून
आम्ही थांबलो.