चौदा तळहात

डॉक्टरांनी मोजपट्टी काढलीच नाही.
माझाच उजवा हात, जो वाचला,
कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढली
आणि म्हणाले, माणसाचा तळहात, बोटांसकट,
म्हणजे त्याच्या कातडीचा एक टक्का, साधारण.
मग मान, खांदा, डावा दंड, बगल, बरगड्या.
चौदा भरले.

वकील ग्रुनसेथना हा आकडा फार आवडला.
पिवळ्या कागदावर त्यांनी तो दोनदा लिहिला.
भला माणूस. येताना बायकोनं केलेलं बटाट्याचं सूप आणायचा
आणि मी ते फुंकून फुंकून पार थंड करीपर्यंत
घड्याळाकडे बघायचा नाही.

डलूथमध्ये इस्पितळांच्या चादरी धुण्यात
माझी एकोणीस वर्षं गेली.
इस्त्रीच्या यंत्रावरची वाफेची झडप
नोव्हेंबरपासून शिट्टी घालत होती.
होडाननं वहीत तीनदा लिहिलं, तिच्या गोल अक्षरात.
तीनदा खाली उत्तर: कंपनीला कळवले आहे.
चौथ्यांदा झडपेनंच कळवलं.

जबानी साडेपाच तास.
समोर तपासनीस कंपनीच्या वकीलबाई,
आवाज मऊ, नखं स्वच्छ.
वेदना एक ते दहामध्ये किती?
तुम्ही यंत्राच्या फार जवळ उभ्या होतात का?
चादर काय लांबून फेकतात, बाई?
हे मी बोलले नाही, ग्रुनसेथनी शिकवलं होतं.
शनिवारी काय करता?

शनिवारी.
शनिवारी आमच्यात सौना असते.
बापानं बांधलेली लाकडी खोली, सरोवराच्या काठाला,
मी आणि बहीण सायमी,
तापल्या दगडांवर पळीभर पाणी.
फिनलंडहून बोटीनं आलेले आमचे लोक
त्या वाफेला जो शब्द वापरत
त्याचा जुना अर्थ जीव, असं बाप सांगायचा.
मी म्हणाले, आता नाही जात.
बाजूच्या मुलीनं टाइप केलं: आता नाही जात.

सायमीची पाठ घासायला कोणी नाही,
याला कायद्यात रकाना आहे का, मी नंतर विचारलं.
ग्रुनसेथ म्हणाले, आहे एक. बसवू त्यात.

मग ती पत्र्याची चिठ्ठी निघाली, झडपेला तारेनं बांधलेली.
तपासले, ठीक. सही. नऊ फेब्रुवारी.
मी तारीख पुन्हा वाचली.
त्या दिवशी सरोवरावरून असं हिमवादळ आलं होतं
की पूल बंद, रस्ते बंद, लाँड्रीला कुलूप.
मला पक्कं आठवतं, कारण त्याच दिवशी
सायमीची मांजर माझ्या कोटाच्या बाहीत व्याली.
मांजरीची साक्ष कोर्टात चालत नाही,
पण नगरपालिकेच्या दप्तरात वादळ होतं
आणि आमच्या दप्तरात कुलूप.
वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.

अकरा दिवसांत आकडा आला.
कलम सहा: यात कोणाचीही चूक कबूल केलेली नाही.
कलम सात: आकडा कोणाला सांगायचा नाही.
सही केली. घरी येऊन चौदानं भागून पाहिला,
एका तळहाताचे किती.
भाग पुरता गेला नाही. बाकी उरली,
ती कशाची ते कळेना.

होडान तिथंच आहे. झडप नवी आली म्हणते,
आणि वहीसुद्धा नवी, कोरी.

सायमी मला तळहातावरच्या फोडासारखी जपते.
मला वैताग येतो.
शनिवारी मी बाहेरच्या खोलीत बसते, कोट घालून,
नव्या कातडीला घाम फुटत नाही,
थंडी मात्र सगळ्यांच्या आधी कळते.
आत ती अर्धीच पळी ओतते,
मला ऐकू जाऊ नये म्हणून.
जातंच.
गेल्या खेपेला उठले
आणि दाराला हात लावला, सपाट, पाची बोटं.
लाकूड कोमट होतं.
एक टक्का,
साधारण.