बिस्किटांचा डबा

नोव्हेंबरातली वार्षिक सभा. लेमविगच्या वाचनालयामागची खोली,
अकरा माणसं, कॉफीचे दोन थर्मास,
आणि प्रेबेनने विचारलेला प्रश्न टेबलावर तसाच,
बशीतल्या शेवटच्या तुकड्यासारखा:
आता ओगेच्या जागी कोण?

सगळ्यांना एकाएकी आपापले बूट दिसू लागले.
मीही माझे पाहिले. नाडी सुटली होती.
वाकले, बांधली, वर आले,
तर ओगे माझ्याकडेच बघत होता, एका डोळ्याने.
दुसऱ्याला आता फक्त उजेड कळतो.
"मी करीन."
भिडेपोटी म्हणाले असेन. की नाडी बांधून झाली होती म्हणून?
टाळ्या पडल्या. सगळे कसे मोकळे झाल्यासारखे
केककडे वळले.

त्याने सोपवला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत शिक्का, सुकत आलेली शाईची गादी,
चर्चच्या सभागृहाची किल्ली, सुतळीत ओवलेली,
आणि वही, तेवीस वर्षांची.
मला वाटलं, हिशेब असतील.

'हुरूपच्या बेकरीत पहाटे चारला मागचं दार वाजवावं. कुत्रा नुसताच भुंकतो.'
'थ्युबोरॉनची फेरी कुणासाठी थांबत नाही. सांगूनही लोक पळतात.'
'येप्पेला दोनशेच्या पुढे झोप येते. त्याच्याशी भांडत राहावं.'
'पश्चिमेचा वारा असेल तर धीर देऊ नये.
नुसतं पुढे जाऊन त्याच्या तोंडी उभं राहावं.'

चारशे किलोमीटर, सत्तावीस तास.
मे महिन्यात शनिवारी सहाला मी त्यांना सोडलं,
बत्तीस लाल दिवे वळणाआड गेले
आणि रस्त्यावर मी, शिट्टी, आणि एक विसरलेला हातमोजा.
गुडघे गेले तोवर मीही त्यांच्यातलीच;
वाऱ्याशी माझं वैर समोरासमोरचं होतं.
आता खिडकीत बसून त्याला ऐकायचं.
रात्री दोनला पवनचक्क्यांचे दिवे मोजले.
तीनला पुन्हा मोजले. एक कमी भरला.
कुणालातरी फोन करावासा वाटला, पण काय सांगणार?

रविवारी सातपासून एकेक येऊ लागले.
मीठ सुकलेले चेहरे, जिना उलटा उतरणारे पाय.
इंगर-लीस शिक्का मारून घेताना उभ्याउभ्या झोपली.
येप्पे आला तो भांडतच; कोणाशी, ते त्यालाही आठवेना.
पिवळ्या वाटाण्याचं सूप तळाला लागायला लागलं.

नऊ वाजले. एकतीस शिक्के.

व्हिबेके आली नऊ वाजून सात मिनिटांनी,
स्ट्रूअरला बस चालवते ती, पहिलीच खेप तिची.
चेन तुटली, जोडली, पुन्हा तुटली,
शेवटचा चढ सायकल हातात धरून.
भिजून मऊ झालेलं कार्ड तिने पुढे केलं
आणि माझ्या हातातलं पेन जड झालं.
सभागृहात कुणीच बघत नव्हतं. म्हणजे
सगळेच मन लावून सूप पीत होते.
ओगे कोपऱ्यात, डोळे मिटून.
वहीत याबद्दल काही नव्हतं, मी रात्रीतून दोनदा शोधलं होतं,
जणू मला ठाऊकच होतं.
आठ एकोणसाठ. लिहायला काय लागतं?

"नऊ सात," व्हिबेके म्हणाली. "खरं लिही.
मी रोज लोकांना सांगते, बस गेली म्हणजे गेली."
आणि हसायला गेली, तर रडूच आलं तिला.
मी नऊ सात लिहिलं. शिक्का मारला नाही.
तिच्या पाठीवर हात ठेवला, तिथे जाकिटातून वाफ येत होती.
ओगेने डोळे न उघडता पाव पुढे सरकवला.

सगळे गेल्यावर खुर्च्या रचल्या, फरशी पुसली,
किल्ली सुतळीसकट गळ्यात अडकवली.
मग वहीत, त्याच्या अक्षराखाली, माझं पहिलं वाक्य:
'व्हिबेकेला तळाला लागलेलं सूप आवडतं.
खरवडून बाजूला ठेवावं. पुढच्या मेमध्ये ती येणार आहे.'