आगाऊ मिनिटांचा दंड

उद्यमनगरात, मुजावरांच्या लेथच्या वर, पत्र्याच्या माळ्यावर
आम्ही सातजण
आणि नुसता आवाज करणारा एक पंखा.
टेबलावर जिल्ह्याचा नकाशा, उडू नये म्हणून
चार कोपऱ्यांवर चार जुने पिस्टन.
विषय : रॅलीची पुढची दहा वर्षं.
चहा : दुसरा.

बाहुबली मगदूम म्हणतो, रस्त्यावरची रॅली संपली आता.
ट्रॅक घ्या. भिंत घाला. तिकीट लावा.
सहाशे किलोमीटर कोण बघतंय?
बघणाऱ्याला गाडी दिसते अकरा सेकंद,
धूळ दिवसभर.
खोटं नाही ते. मी गप्प.
मी नॅव्हिगेटर. बावीस वर्षं डाव्या सीटवर बसून
दुसऱ्याच्या पायाला आकडे सांगत आलोय.

मग पेन्सिल फिरायला लागते आणि रस्ता आक्रसत जातो.
दाजीपूरचा रात्रीचा टप्पा, खोडा.
अंधार पडल्यावर तो रस्ता गव्यांचा;
तसा तो आमच्या आधीपासूनच होता.
गगनबावड्याच्या खाली दरड. भुईबावड्याला परवानगी नाही.
जानेवारीत कारखाने चालू, उसाच्या ट्रॉल्या,
मागे ना दिवा ना लाल फडकं.
जूनपासून पुढं नदी ठरवणार.
उरतो तो महिना परीक्षांचा.

संज्योत नरके, आमच्यात सगळ्यात लहान, विचारते,
बॅटरीवरच्या गाड्या घ्यायच्या तर
आजऱ्याच्या पुढं चार्जिंग कुठं?
इलाही मुजावर, जन्मभर कानानं कार्बुरेटर लावलेला माणूस,
चष्मा पुसतो. बराच वेळ पुसतो.
‘आवाजच नसला तर बिघडलंय कुठं ते कळायचं कसं गं?’
‘स्क्रीनवर दिसतं, चाचा.’
‘दिसत असंल. ऐकू येतं का?’

गेल्या महिन्यात एकटाच गेलो होतो रस्ता मापायला.
चंदगडच्या अलीकडं एका तिठ्यावर चुकलो.
हसू नका, नवा डांबरी फाटा फुटलाय तिथं.
टपरीवरल्या बाईला विचारलं.
ती कढईतनं मान वर न करता म्हणाली,
‘बाणापास्नं डावीकडं.’
कुठला बाण?
तिनं झाऱ्यानंच मोरी दाखवली.
आमचाच होता. नऊ वर्षांपूर्वीचा,
उरलेल्या निळ्या ऑइलपेंटनं मीच काढलेला,
घाईत, जरा वाकडा.
त्यानंतर दोनदा मोरी रंगवली म्हणे पंचायतीनं,
तेवढा बाण सोडून.
वडापवालेही आता ‘बाण, बाण’ म्हणूनच ओरडतात.
रॅली कसली, ते तिला माहीत नव्हतं.
मी दोन वडे खाल्ले आणि डावीकडं वळलो.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
ठरावात बसत नाही ते.
मी एवढंच म्हटलं, नियमावलीचं सातवं पान काढा.
उशिरा पोचलात तर मिनिटाला एक गुण दंड.
लवकर पोचलात तर दोन.
‘म्हणजे काय म्हणायचंय तुला?’ मगदूम.
काही नाही. वाचून दाखवलं.

थोडा वेळ फक्त पंखा बोलत राहिला.

मग लिहिलं गेलं : पुढच्या वर्षी एकच दिवस,
तीस गाड्या, उजेड आहे तोवर.
कोल्हापूर, आजरा, चंदगड आणि परत.
चारच्या वर बॅटरीच्या नकोत, असं मगदूम;
चार तरी असू देत, असं संज्योत;
आकडा तोच असल्यामुळं दोघंही जिंकले.
त्यापुढच्या नऊ वर्षांच्या रकान्यात
किलोमीटर टाकले, सूचना कोरी ठेवली.
कुणीतरी पेन मागितलं. मी पेन्सिलच दिली.

उठताना पिस्टन उचलले, तर नकाशावर
चार तेलकट वर्तुळं.
एकात अख्खं शिरोळ बुडालेलं.
संज्योत रुमाल शोधू लागली. इलाहीचाचा म्हणाले,
‘ऱ्हाऊ दे, पोरी.
तिथं गाडी हळू घ्यायची, म्हणून खूण.’