आवर्तन

ओजस जर्मनीला गेला
आणि त्याचा घोयरा माझ्या गॅलरीत राहिला.
येमेनी जातीचा. नोंदणीचा कागद, जाळीचा पिंजरा,
आत कुंडीतली जास्वंद,
आणि वहीच्या फाडलेल्या पानावर सूचना:
आत्या, वाटीत पाणी ठेवू नकोस. त्याला ते दिसत नाही.

मी तरी ठेवली वाटी.
आल्यागेल्याला पाणी विचारायचं नाही, हे हाताला कसं जमायचं?
तीन दिवसांत वाटीवर धूळ बसली,
एक माशी बुडाली,
आणि त्याचे ते चहूकडे फिरणारे डोळे
खोल गेले, सुकत आलेल्या आडासारखे.
खालच्या कागदावर पांढऱ्याऐवजी
केशरी खडा.

साठलेलं पाणी त्याच्या लेखी पाणीच नव्हे.
पाण्याने पानाच्या टोकाशी यावं,
चमकावं, पडू की नको करावं,
तेव्हा कुठे तो एक डोळा वळवतो.
दुसरा तरीही मखमलाबाद रोडवरच्या रिक्षांवर.

दादा हे सगळं कॉटवरून बघत होते.
मंगळवार-शुक्रवार डायलिसिस,
दिवसाला पाऊण लिटर,
त्यात चहा धरून, आमटी धरून, गोळीसोबतचा घोट धरून.
"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," म्हणाले,
"माझी संडासापर्यंत. कोण कोणाला हसणार?"

एकतीस वर्षं पाटकरी, गंगापूरच्या डाव्या कालव्यावर.
कुणाच्या द्राक्षाला किती तास,
कुणाचा नमुना सात अजून बाकी,
रात्री दोनला बॅटरी घेऊन दाराशी उभे,
पाणी चोरणाऱ्याची सायकल उचलून आणणारे.

"सलाईनची नळी आण," म्हणाले.
सिस्टर जेसिंतांनी नवी कोरी दिली, का म्हणून विचारलं नाही.
बाटली ग्रिलला बांधली. चाकावर दादांचा अंगठा.
मिनिटाला वीस थेंब.
मग बारा. मग पुन्हा वीस.
"वरची पानंच पिऊन टाकतात.
हेडवाल्यांची खोडच ती.
टेलला पोचलं पाहिजे."
आणि खालच्या फांदीवर, टेलला,
तो बसलेला, मातकट, घडी घातल्यासारखा.

चाळीस मिनिटं.
एप्रिलची दुपार, पंखा गरम हवा ढकलतोय.
मग जबडा हलला.
जीभ नव्हे, ती किड्यांसाठी;
पाणी तो चावतो, सावकाश,
मान वर करून, दर थेंबाला जरा थांबून.
दादांचा कंठमणी त्याच्यासोबत
वर गेला, खाली आला.
वर गेला.
खाली.

तेव्हापासून वही त्यांच्याकडे.
डावीकडे त्याचं, उजवीकडे स्वतःचं.
सकाळी सहा: फवारणी, दोन मिनिटं.
अकरा: आवर्तन सुटले.
साडेबारा: बंद. पान सुकू द्यावे, बुरशी धरते.
खडा: पांढरा, टोकाला किंचित पिवळा.
उजवीकडे चहा ऐंशी. गोळी तीस.
अक्षर ऑफिसातलंच,
प्रत्येक नोंदीखाली आडवी रेघ.

एका बुधवारी डावीकडचं जमेना.
बाटली भरलेली मीच, ट्रेमध्ये साचलेलं मोजलेलं मीच.
चाळीस मिली कुठे गेलं?
पानांनी प्यालं म्हणावं तर जास्त,
उन्हाने नेलं म्हणावं तर नेमकंच.
वही उघडली.
खाली बारीक अक्षरात लिहिलेलं:
वहनव्यय, ४०.

मी पंचनामा केला नाही.
रात्री त्यांच्या आमटीतून चाळीस काढून घेतले,
घट्ट वाटी पुढे सरकवली.
त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
भाकरी मोडली.

गॅलरीत तो झोपलेला,
अंधारात फिकट, जवळजवळ पांढरा,
शेपटीचं वेटोळं घट्ट मिटून.
नळीच्या टोकाशी एक थेंब
बंद केल्यानंतरही राहतो तो,
लोंबत.