घंटी नसलेली सायकल

प्राडो विकली त्या आठवड्यात
शेजारच्या घोसाळकरांनी जिन्यात हळूच विचारलं,
"नोकरी आहे ना?"

आता पहाटे, ऊन चावायला लागायच्या आत,
मी मत्राच्या समुद्राकडेनं पेडल मारतो.
सायकल गफूरची. तो सिल्हेटला कायमचा गेला
तेव्हा घंटी तेवढी काढून नेली, मुलाला म्हणून.
वळणावर मी खाकरतो.
मांजरं बाजूला होतात.

अफगाणी भट्टीवाला रोटी वर्तमानपत्रात गुंडाळून देतो.
कॅरिअरला लावली की कमरेला ऊब,
आणि घर येईतो तिचा एक कोपरा गायब.
उरलेलीवर रात्रीचं पिठलं,
बुक्कीनं फोडलेला कांदा.

एक तारीख येते, जाते. हप्ता नाही.
वृंदा म्हणते, तुमचं घोरणं थांबलंय.

घोसाळकरांची भिंत आमच्या भिंतीला लागून.
त्यांनाही कळलं असेल.